डुलणारी गाडी : शॉक ॲब्सॉर्बरची झीज कशी ओळखावी



आमच्या शास्त्राच्या सरांच्या स्मृतिप्रीत्यर्थ होणाऱ्या या व्याख्यानात मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने मोटारगाडीच्या शॉक ॲब्सॉर्बरविषयी बोलावे, याचे आपणांपैकी अनेकांना नवल वाटेल. संतवाङ्मयाविषयी किंवा शब्दांच्या व्युत्पत्तीविषयी काही ऐकावयास मिळेल, अशा अपेक्षेने कोणी आले असतील तर त्यांची क्षमा मागतो. परंतु हा विषय मी सरांचे ऋण स्मरूनच निवडला आहे. त्यांनी शिकवलेली एक गोष्ट मी विसरलो आणि त्या विसरण्याची किंमत माझ्या घरातील दुसऱ्याच व्यक्तीला मोजावी लागली. ती गोष्ट आपणांपर्यंत पोहोचवणे हे मला माझे कर्तव्य वाटते.

सर नववीच्या वर्गात एक साधा प्रयोग करून दाखवीत. लाकडी घोडीला तारेची एक स्प्रिंग टांगलेली असे आणि तिच्या टोकाला पितळी वजन. वजन थोडे खाली ओढून सोडले की ते बराच वेळ वरखाली होत राही. आम्ही हेलकावे मोजत असू. विसाच्या पुढे मोजणी गेली की वर्गात हसू पिकत असे. मग सर त्याच वजनाखाली गोडेतेलाने भरलेला पेला धरीत, वजन तेलात बुडवीत आणि पुन्हा ओढून सोडीत. एक हेलकावा, फार तर दुसरा, की वजन निमूट उभे राही. "स्प्रिंग तीच, वजन तेच, मग ती शक्ती गेली कुठे?" असे ते विचारीत, आणि उत्तर आमच्याकडूनच काढून घेत : तेलाने ती घेतली, तिची उष्णता झाली. मोटारीच्या प्रत्येक चाकापाशी हाच पेला बसवलेला असतो, हे मला पुढे पस्तीस वर्षांनी कळले.

१९९८ सालच्या जुलै महिन्यातील ही हकीकत आहे. भोपाळहून होशंगाबादला, म्हणजे आजच्या नर्मदापुरमला, मी आणि माझी पत्नी आमच्या मारुती ८०० गाडीने निघालो होतो. ओबेदुल्लागंज मागे पडले, सागवानाचे जंगल लागले आणि रस्ता बुधनीच्या दिशेने उतरू लागला. नुकताच पाऊस पडून गेला होता. वेग साठाच्या आसपास असेल. एका वळणापलीकडे म्हैस आडवी उभी होती. मी ब्रेक दाबला. गाडीचे नाक जमिनीत शिरावे तसे खाली गेले, मागचा भाग हलका झाला, खडबडीत डांबरावर चाके थडथडत उसळू लागली आणि ब्रेक लावूनही गाडी धावतच राहिली. म्हशीला चुकवताना गाडी रस्ता सोडून कडेच्या दगडांवर जाऊन थांबली. मला खरचटलेसुद्धा नाही. पत्नीचे उजवे मनगट मात्र मोडले. हाड पुढे जुळले. परंतु पेटीवर बोटे फिरवताना ते मनगट आजही तिला त्या दिवसाची आठवण देते.

गाडी दुरुस्तीला गेली तेव्हा वृद्ध मिस्त्रींनी मागचा शॉक ॲब्सॉर्बर काढून माझ्या हातात दिला. "सर, दांडा दबाकर देखिए." मी दांडा दाबला. सायकलच्या हवा भरण्याच्या जुन्या पंपासारखा तो विनाविरोध आत गेला आणि तसाच बाहेर आला. "शॉकर तो कब के मर चुके थे," ते म्हणाले. वेग थोडा अधिक होता आणि रस्ता ओला होता, तेव्हा सगळा दोष त्या नळकांड्यांवर टाकणे न्यायाचे नव्हे. पण त्यांनी साथ दिली असती तर गाडी कदाचित चार पावले आधी थांबली असती, ही रुखरुख मला आजवर लागून राहिली आहे.

नावातील घोटाळा

येथे भाषेच्या अभ्यासकाचा थोडा अधिकार गाजवतो. इंग्रजीतील 'शॉक ॲब्सॉर्बर' या नावाचा शब्दशः अर्थ 'धक्का शोषून घेणारा'. आपल्या बोलीत त्याचे कुठे 'शॉकअप' झाले, तर आमच्या भोपाळात 'शॉकर'. परंतु हे मूळ नावच दिशाभूल करणारे आहे. खड्ड्याचा किंवा गतिरोधकाचा धक्का प्रथम झेलते ती स्प्रिंग. ती दबते म्हणूनच धक्का आपल्या पाठीपर्यंत जसाच्या तसा पोहोचत नाही. पण दबलेली स्प्रिंग उसळते, पुन्हा दबते, पुन्हा उसळते. ही दोलने थांबवणे हे शॉक ॲब्सॉर्बरचे खरे काम. म्हणून ब्रिटिश अभियंते त्याला 'डॅम्पर' म्हणतात आणि आपल्या शास्त्रीय परिभाषेत या क्रियेला 'अवमंदन' असा नेमका शब्द आहे.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. नाव चुकले की शोधही चुकतो. "शॉकर गेले असते तर धक्के बसले असते; माझी गाडी तर उलट मऊ चालते," असे मी स्वतः म्हणत असे. वस्तुस्थिती अशी की, झिजलेल्या शॉक ॲब्सॉर्बरची गाडी अनेकदा अधिक मऊ आणि झोके घेणारी भासते. आपण धक्के शोधतो आणि झीज मात्र डुलण्यात लपलेली असते.

टांग्यापासून स्ट्रटपर्यंत

या यंत्रणेचा उलगडा होण्यासाठी थोडे मागे जाऊ. जुन्या भोपाळात ज्यांनी टांग्यातून प्रवास केला आहे, त्यांना त्याच्या लोखंडी कमानी आठवत असतील. एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची ती स्प्रिंग. ॲम्बॅसॅडर आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्यांच्या मागच्या चाकांवर याच जातीच्या कमानी होत्या. मालमोटारींना त्या आजही असतात आणि चालक त्यांना 'पाटे' म्हणतात. पट्ट्या एकमेकींवर घासतात, त्या घर्षणात काही शक्ती खर्च होते आणि दोलने थोडी आपोआपच शमतात. वेटोळ्याच्या स्प्रिंगमध्ये असे घर्षण जवळजवळ नसते. ती वजनाने हलकी आणि चालीला मऊ असते, पण एकदा हलली की सरांच्या प्रयोगातील स्प्रिंगप्रमाणे हलतच राहते. म्हणून तिला तेलाच्या पेल्याची नितांत गरज असते.

हा पेला म्हणजे एक बंद नळकांडे. त्यात तेल असते आणि तेलात दट्ट्या. दट्ट्याला बारीक छिद्रे आणि झडपा असतात. चाक वरखाली झाले की दट्ट्या सरकतो, तेलाला त्या छिद्रांतून वाट काढावी लागते आणि त्या विरोधात हालचालीची शक्ती उष्णतेत रूपांतरित होते. हालचाल जितकी जलद तितका विरोध अधिक. काही प्रकारांत तेलाबरोबर दाबाखालील नायट्रोजन वायू असतो. त्यामुळे तेलाला फेस येत नाही.

स्ट्रट ही याच्या पुढची पायरी. साधा शॉक ॲब्सॉर्बर फक्त हेलकावे थांबवतो. तो काढला तरी गाडी स्प्रिंगवर उभी राहते. स्ट्रट मात्र गाडीच्या रचनेतील खांब असतो. त्याच्या पोटात शॉक ॲब्सॉर्बर असतो, अंगावर स्प्रिंग बसवलेली असते, वरचे टोक गाडीच्या सांगाड्याला आणि खालचे टोक चाकाच्या आधाराला जोडलेले असते. पुढच्या चाकांचे स्ट्रट स्टिअरिंगबरोबर फिरतातही. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याच्या नावाने ही रचना ओळखली जाते. १९५० साली इंग्लंडमध्ये लोकांसमोर आलेल्या फोर्ड कॉन्सल या गाडीत ती होती. आपल्याकडे ती घरोघर पोहोचली मारुती ८०० मुळे, म्हणजे डिसेंबर १९८३ नंतर. आजच्या बहुतेक लहान गाड्यांच्या पुढच्या चाकांवर स्ट्रटच असतात. स्ट्रट झिजला की गाडी केवळ डुलत नाही, तिचे वळणेही बिघडते.

यात खरोखर पणाला काय लागते, तेही पाहू. रस्ता आणि गाडी यांचा संबंध चार ठिकाणी येतो आणि प्रत्येक ठिकाणी टायरचा जेमतेम तळहाताएवढा भाग जमिनीला टेकलेला असतो. ब्रेक, वळण, वेग, सारे त्या चार तळहातांवर अवलंबून. गाडीचा सांगाडा सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा डुलतो. पण मोकाट सुटलेले चाक सेकंदाला दहा ते पंधरा वेळा उसळू शकते. उसळलेले चाक जितका काळ रस्त्यावरून उचललेले किंवा नुसते हलके झालेले असते, तितका काळ ब्रेक दाबूनही न दाबल्यासारखाच. ताशी साठ किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे सतरा मीटर जाते, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

झीज दिसत का नाही?

शॉक ॲब्सॉर्बर सहसा एका दिवसात बंद पडत नाही. त्याची सील हळूहळू घासते, झडपा सैल होतात, तेलाचा कस उतरतो. गाडी रोज केसभर बिघडते आणि आपला हात रोज केसभर जुळवून घेतो. त्या अपघाताच्या महिनाभर आधी माझे मेहुणे पुण्याहून आले होते. माझ्या शेजारी बसून ते म्हणाले, "भाऊजी, ही गाडी आहे की तुमच्या मोठ्या तलावातली नाव?" पुणेकरांच्या बोलण्याकडे भोपाळकराने किती लक्ष द्यावे, असा विचार करून मी हसून सोडून दिले. रोज चालवणाऱ्याला जे जाणवत नव्हते ते पाहुण्याला पहिल्या दहा मिनिटांत जाणवले होते. म्हणून माझी पहिली सूचना हीच, की वर्षातून एकदा आपली गाडी दुसऱ्या जाणत्या माणसाला चालवायला द्यावी, आणि त्याच्या बोलण्याचा राग मानू नये.

आता लक्षणे क्रमाने सांगतो.

पहिले लक्षण गतिरोधकावर दिसते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे तो ताशी २५ किलोमीटर वेगाने ओलांडता येतो. आपल्या वसाहतींतील गतिरोधक बहुधा हौसेने बांधलेले असतात, हे आपण जाणतोच. पण कोणताही गतिरोधक ओलांडल्यावर गाडी एकदा वाकून स्थिर झाली पाहिजे. ती दोन-तीनदा होकार दिल्यासारखी मान हलवीत राहिली, तर समजावे.

दुसरे, ब्रेक लावताना नाक एकदम खाली जाणे आणि गाडी सोडताना मागचा भाग बसणे. तिसरे, वळणावर गाडी बाहेरच्या बाजूस अधिक कलणे आणि वळण संपल्यावरही लगेच सरळ न होणे. चौथे, आडव्या वाऱ्याने भरकटणे. आषाढात रेतघाटाकडून लालघाटीकडे तळ्याकाठच्या रस्त्याने जाताना वारा पाण्यावरून थेट अंगावर येतो. तेव्हा स्टिअरिंग सतत सावरावे लागत असेल तर त्याचे कारण नेहमी वाराच असेल असे नाही.

पाचवे लक्षण रात्रीचे. दिव्यांचा झोत रस्त्यावर स्थिर न राहता वरखाली होतो आणि समोरून येणारा चालक आपण त्याला खुणावतो आहोत असे समजून दिवे उघडझाप करतो. सहावे, मागच्या आसनावरील मंडळींना, विशेषतः मुलांना, सरळ रस्त्यावरही मळमळणे. सातवे, खराब रस्त्यावर चाकाजवळून येणारा 'खट् खट्' आवाज. मात्र याविषयी पुढे इशारा द्यावयाचा आहे.

हात, डोळे आणि टायर

लक्षण दिसले की पारख करावी. ती घरच्या अंगणातही करता येते.

गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावावा. चाकाच्या वरच्या बाजूस पत्रा जेथे मजबूत असेल तेथे दोन्ही तळहात टेकून, शरीराचा भार देऊन, तीन-चार वेळा लयीत दाबावे आणि गाडी खाली असताना हात काढून घ्यावेत. ती वर येऊन किंचित खाली जाऊन थांबली, तर ठीक. दोनाहून अधिक हेलकावे घेतले, तर त्या कोपऱ्यातील शॉक ॲब्सॉर्बर गेला. चारही कोपऱ्यांची अशी परीक्षा घेऊन एकमेकांशी तुलना करावी. परीक्षक म्हणून आयुष्य घालवलेला माणूस सांगतो, ही परीक्षा मोठी विचित्र आहे : येथे नापास झाला तर निकाल पक्का, पास झाला म्हणून मात्र गुणवत्ता सिद्ध होत नाही. हाताची हालचाल संथ असते, रस्त्यावरची हालचाल वेगवान. शिवाय आजच्या काही गाड्या इतक्या ताठ असतात, की हाताने दबतच नाहीत.

म्हणून डोळ्यांनीही पाहावे. स्टिअरिंग पूर्ण वळवून विजेरीच्या उजेडात चाकामागे डोकवावे. नळकांड्यावर अगदी पुसट ओलसरपणा असेल तर घाबरू नये. दट्ट्याचा दांडा सीलमधून ये-जा करताना तेलाचा बारीक थर बाहेर आणतोच. पण तेलाचा ओघळ आलेला असेल आणि त्यावर धुळीचा चिकट लेप बसला असेल, तर सील फुटली आहे. शंका असल्यास फडक्याने पुसून आठवड्याने पुन्हा पाहावे. नळकांड्याला पोचा, वाकलेला दांडा, फाटलेले रबरी आवरण, चिरडलेला रबरी ठोकळा, ही सारी झिजेची चिन्हे होत.

तिसरा साक्षीदार टायर. त्याच्या पृष्ठभागावरून सावकाश तळहात फिरवावा. चाक रस्त्यावर उड्या मारीत असेल तर ठराविक अंतराने उथळ वाट्यांसारखे खळगे पडलेले जाणवतात. चाकाचा तोल बिघडल्यानेही असे होऊ शकते, म्हणून या साक्षीला इतर पुराव्यांची जोड हवी.

चौथी युक्ती मला त्या मिस्त्रींनी शिकवली आणि ती सरांना फार आवडली असती. खराब रस्त्यावरून पंधरा-वीस मिनिटे गाडी चालवून आणावी आणि थांबल्यावर दोन्ही बाजूंच्या शॉक ॲब्सॉर्बरना जपून हात लावून पाहावा. जो काम करतो तो कोमट होतो. एक कोमट आणि दुसरा थंड असेल, तर थंड असलेला कामचुकार आहे. मात्र जवळच ब्रेकची तबकडी आणि धुराची नळी तापलेली असते, तिला हात लागू देऊ नये.

दोष दुसऱ्याचा असू शकतो

वर दिलेला इशारा आता स्पष्ट करतो. गाडी एका कोपऱ्यात खाली बसली असेल तर बहुधा स्प्रिंग तुटली किंवा थकली आहे; गाडीचे वजन शॉक ॲब्सॉर्बर पेलत नाही. गाडी एका बाजूला ओढत असेल तर प्रथम टायरमधील हवा, मग चाकांची संरेखा आणि ब्रेक तपासावेत. 'खट् खट्' आवाज पुष्कळदा झिजलेल्या रबरी बुशांचा किंवा लहानशा जोडदांड्याचा असतो. जागच्या जागी स्टिअरिंग फिरवताना करकर वाजले तर स्ट्रटच्या माथ्यावरील बेअरिंगचा संशय घ्यावा. केवळ आवाज ऐकून चारही शॉक ॲब्सॉर्बर बदलणे म्हणजे खोकला ऐकून फुप्फुस बदलण्यासारखे आहे.

बदलताना

काही उत्पादक साधारण ८०,००० किलोमीटरनंतर हे भाग बदलण्याचा विचार करावा असे सांगतात. तो आकडा पंचांगातील तिथीसारखा मानू नये. खड्डे, ओझे आणि पावसाळे यांवर खरे आयुष्य ठरते. टायर बदलताना दर वेळी हे भाग पाहून घेण्याची सवय ठेवली तर आकडा पाठ करावा लागत नाही. एक गेला तरी बदलताना त्या आसावरील डावा-उजवा जोडीनेच बदलावा; नाहीतर एक बाजू घट्ट आणि दुसरी ढिली राहून गाडी वळणावर फसवते. स्ट्रट बदलल्यावर चाकांची संरेखा जुळवून घेणे आवश्यक आहे. स्ट्रटवरील स्प्रिंग दाबलेल्या स्थितीत असते. योग्य साधनाने ती आवळून धरल्याशिवाय माथ्याची नट सोडली तर ती बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. हे काम घरी किंवा रस्त्याच्या कडेला करू नये. जुना भाग मागून घ्यावा, त्याचा दांडा स्वतः दाबून पाहावा आणि नवा भाग ओळखीच्या दुकानातून, पावतीसह घ्यावा. इंदूरच्या वाटेवर आपल्याला देवास लागते. तेथे गॅब्रिएल इंडिया या कंपनीच्या कारखान्यात हेच भाग तयार होतात. म्हणजे वस्तू काही सातासमुद्रापलीकडून आणावयाची नाही. आणावयाची आहे ती आपली नजर.

मित्रहो, सर म्हणत की निसर्गाचा नियम वहीत लिहून घेतला म्हणजे शिकलो असे होत नाही. तो दारात येऊन उभा राहिला तेव्हा ओळखता आला पाहिजे. त्यांचा तेलाचा पेला माझ्या चाकापाशी रिकामा होत होता आणि मी त्याला गाडीचे वय म्हणत राहिलो. मेहुण्यांनी सांगितले, मी ऐकले नाही. शिकवणी मिळाली ती पत्नीच्या मनगटाच्या मोबदल्यात.

आज कार्यक्रम आटोपल्यावर शाळेच्या आवारात आपल्या गाड्या उभ्या असतील. आपणांपैकी अनेकांना रात्रीच सीहोर, इंदूर, नर्मदापुरमकडे परतावयाचे आहे. निघण्यापूर्वी प्रत्येक कोपऱ्यावर हात टेकून गाडी तीन वेळा दाबा, आणि हात काढून हेलकावे मोजा. नववीच्या वर्गात मोजले होते, तसेच. मोजणी दोनाच्या पुढे गेली, तर आज सावकाश जा आणि उद्या सकाळी मिस्त्रींकडे जा. सरांना याहून उचित श्रद्धांजली मला सुचत नाही.